वाशी ते पनवेल : ठेवीदार व भागीदार

मुंबईकडून येणारी आगगाडी मानखुर्द सोडून ठाण्याच्या खाडीवर आली, म्हणजे डब्यांतील माणसांचीं तोंडें आपोआप खिडकीकडे वळतात. दोन्ही कांठांस तिवरांची दाट हिरवी किनार, मध्यें गढूळ विस्तीर्ण पाणी, आणि थंडीच्या दिवसांत ओहोटी लागली असतां चिखलांत एका पायावर उभे राहिलेले रोहित पक्ष्यांचे थवे. पलीकडे पारसिकच्या डोंगराची रांग दिसूं लागते व तिच्या पायथ्याशीं उंच इमारतींचें एक शहर. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं येथें आगरी-कोळ्यांचीं गांवें, मिठागरें आणि भातखाचरें होतीं. मुंबईच्या बेटावर माणसांची व व्यापाराची जी अतोनात दाटी झाली, तिला वाट करून द्यावी या हेतूनें १९७० च्या मार्चमध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली आणि तिनें हें नवें नगर आंखलें. आज आपण त्याला नवी मुंबई म्हणतों.

प्रवासास निघावें म्हणून कोणी नवी मुंबईचें नांव काढीत नाहीं. येथें कुलदैवत नाहीं, लेणीं नाहींत, उन्हाळ्यांत मुलांना घेऊन जावें असें थंड हवेचें ठिकाण नाहीं. बेलापूरचा एक जुना किल्ला आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चौघांचें राज्य त्यानें पाहिलें. पण त्याचे आतां जेमतेम अवशेष उरले आहेत. तरीही ज्या घरांत चार पैसे शिल्लक पडतात, आणि ते ठेवावे कोठें यावर जेवणानंतर वाद होतो, अशा घरांतील मंडळींनीं वाशी ते पनवेल हा प्रवास एकदां डोळे उघडे ठेवून करावा, असें मला वाटतें. पैसा कोठें सुरक्षित असतो, कोठें नसतो आणि त्याची राखण कोण करतें, याचा एक धडाच या लोहमार्गाच्या कडेला मांडून ठेवलेला आहे.

या खाडीवरून वाशीपर्यंत आगगाडी धांवूं लागली ती १९९२ च्या मे महिन्यांत. पैशाच्या व्यवहारांतही तें वर्ष विसरण्यासारखें नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलच्या आरंभीं शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला संसदेच्या कायद्यानें अधिकार मिळाले, आणि तो महिना संपण्यापूर्वींच हर्षद मेहता प्रकरण वर्तमानपत्रांतून बाहेर आलें. बँकांचा पैसा सरकारी रोख्यांच्या उलाढालींच्या आडून शेअरबाजारांत शिरला होता. बँक आणि बाजार या दोन वेगळ्या आळ्या आहेत अशी जी मध्यमवर्गाची समजूत होती, ती त्या उन्हाळ्यांत कायमची मोडली.

तेव्हांपासून या गाडीच्या डब्यांत बँकांच्या शेअरवर चर्चा चालत आली आहे. भजनी मंडळें आणि पत्त्यांचे डाव यांच्या जोडीला तिलाही जागा आहे. कोणत्याही संध्याकाळीं कान द्यावा, तर साधारणपणें तीन मतें ऐकूं येतात. निवृत्तीला आलेले गृहस्थ म्हणतात, "सरकार बँक कधीं बुडूं देत नाहीं, तेव्हां बँकेच्या शेअरइतका निर्धोक शेअर दुसरा नाहीं." त्यांच्यासमोर दांडीला धरून उभा असलेला तरुण म्हणतो, "काका, भाव पडला आहे तोंच घ्यायला हवा. उद्यां दुप्पट होईल." आणि कोपऱ्यांतले तिसरे, ज्यांचे हात एकदां पोळलेले असतात, ते उसळून म्हणतात, "अहो, रिझर्व्ह बँक इतकीं वर्षें करते काय? चोरी झाल्यावर कुलूप लावतात!" या तिन्ही बोलण्यांत कांहीं तथ्य आहे. पण पहिल्यांचें म्हणणें ठेवीदारापुरतें खरें आहे, भागीदारापुरतें नव्हे. दुसऱ्याचें खरें ठरलें तर नशिबानें. तिसऱ्यांचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचें उत्तर मिळण्यास अजून चार-पांच स्टेशनें पुढें जावें लागतें.

प्रथम वाशीस उतरूं. येथें जवळच तुर्भ्याच्या बाजूस घाऊक बाजाराचें मोठें आवार आहे. कांदा-बटाटा, फळें, भाजीपाला, मसाले आणि धान्य असे पांच बाजार मुंबईच्या गल्ल्यांतून उठून येथें आले. येथील व्यापारी पोत्यांत बोथी खुपसून तांदूळ हातावर घेतो, वास घेतो, दाताखालीं दाणा मोडून पाहतो, आणि मग भाव बोलतो. माल डोळ्यांसमोर असतो. फसला तर तो आपल्या परीक्षेनें फसतो. बँकेच्या शेअरची गोष्ट तशी नाहीं. कापडाच्या गिरणीचा माल निदान गोदामांत दिसतो. बँकेचा माल म्हणजे दुसऱ्यांनीं घेतलेलें कर्ज. तें परत येणार कीं नाहीं, हें घेणाऱ्याच्या मनांत आणि देणाऱ्याच्या वह्यांत दडलेलें असतें. तेथें कोणती बोथी खुपसणार?

याच वाशींत, बाजारापासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं, सेबीनें २००६ सालीं काढलेल्या राष्ट्रीय प्रतिभूति बाजार संस्थेची इमारत आहे. तिचें विस्तीर्ण आवार पुढें पाताळगंगेस, रसायनीजवळ आहे. शेअर आणि म्युच्युअल फंड यांचा व्यवसाय करणाऱ्या, लोकांना सल्ला देणाऱ्या मंडळींस या संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात. विकणाऱ्यास परीक्षा आहे. घेणाऱ्यास कसलीच नाहीं. कारकून, शिक्षक, वैद्य, गृहिणी, कोणीही डीमॅट खातें उघडावें आणि पांच मिनिटांत बँकेचा भागीदार व्हावें. तें स्वातंत्र्य चांगलेंच आहे. पण परीक्षा कोणी घेत नाहीं म्हणून अभ्यासाची गरज नाहीं, असें होत नाहीं.

तो अभ्यास थोडक्यांत असा. समजा, एका बँकेनें शंभर कोटींचीं कर्जें दिलीं आहेत. त्यांतील ब्याण्णव कोटी ठेवीदारांचे, आणि आठ कोटी भागीदारांचे. शंभरांपैकीं चार कोटी बुडाले, तर ठेवीदारास त्याची वार्ताही लागत नाहीं. त्याचें व्याज ठरल्या दिवशीं जमा होतें. पण भागीदाराची निम्मी पुंजी तेथेंच गेलेली असते. आठ कोटी बुडाले, तर भागीदार पुरता धुतला गेला, आणि ठेवीदाराचा पैसा अजून शाबूत आहे. त्यापुढचा रुपया बुडाला तरच ठेवीदारास झळ लागते. म्हणजे भागीदाराचा पैसा हा ठेवीदाराच्या पैशापुढें घातलेला बांध आहे. पुराचें पाणी आधीं बांध खातें. चांगल्या वर्षीं पीक जास्त येतें तें बांधवाल्याच्या वांट्याला येतें, हेंही खरें. ठेवीदारास ठरलेल्या व्याजाहून एक पै अधिक मिळत नाहीं. व्यवहार न्यायाचा आहे. मात्र दोघांच्या जागा निराळ्या आहेत, आणि त्या जागा ओळखून पैसा घातला पाहिजे.

वाशीहून पुन्हां गाडींत बसावें. सानपाडा, जुईनगर, नेरूळ, सीवूड्स अशीं चार स्टेशनें गेलीं कीं बेलापूर येतें. येथील स्टेशनें मोठीं ऐसपैस. वरच्या मजल्यांवर कचेऱ्या आणि खालीं गाड्या, असा त्यांतील कांहींचा थाट आहे. बेलापूर ही या नगराची कचेरीपेठ. सिडकोचें मुख्य ठाणें येथें, कोंकण भवन येथें, स्टेट बँकेच्या देशभरच्या हिशेबांचीं यंत्रें संभाळणारें केंद्र येथें, आणि रिझर्व्ह बँकेची एक कचेरीही येथेंच. बाहेरून पाहिलें तर उंच भिंत, पहारा आणि शांतता. तिसऱ्या काकांचा प्रश्न विचारावयाचा तो अशाच दारासमोर.

उत्तर कायद्यांत आहे. आपल्याकडील बँकांचा कायदा १९४९ सालचा. ठेवीदारांचें हित हा त्याचा गाभा आहे. बँक डळमळूं लागली, तर त्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणें रिझर्व्ह बँकेच्या विनंतीवरून सरकार तिचे व्यवहार कांहीं काळ थांबवितें, आणि त्या अवधींत ती दुसऱ्या बँकेंत मिळविण्याची योजना तयार होते. त्या योजनेंत ठेवीदारांची रक्कम वांचविण्याची शिकस्त केली जाते. भागीदारांच्या पदरीं काय पडेल, हें शिल्लक काय उरतें यावर ठरतें. गेल्या वीस-बावीस वर्षांतील चार उदाहरणें एकापुढें एक ठेवून पाहावीं.

२००४ सालीं ग्लोबल ट्रस्ट बँक अडचणींत आली आणि ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्यें विलीन झाली. ठेवीदारांस पैसे मिळाले. भागीदारांस कांहीं मिळालें नाहीं. २००६ च्या सप्टेंबरांत साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर तीच पाळी आली. १९३६ सालीं निघालेली ही बँक म्हणजे पश्चिम महाराष्ट्रांतील अनेक घरांच्या अभिमानाची गोष्ट होती; कित्येकांच्या आजोबांनीं तिचे शेअर नफ्यापेक्षां आपल्या मुलुखाची बँक म्हणून घेतले होते. महिन्याभरांत ती आय्‌डीबीआय्‌मध्यें गेली. ठेवी सुरक्षित राहिल्या, आणि भागीदारांस दर शेअरमागें २८ रुपये रोख मिळाले. म्हणजे येथें हातीं कांहीं तरी लागलें. २०२० च्या ५ मार्चला येस बँकेचे व्यवहार थांबविले गेले. ज्या शेअरचा भाव २०१८ च्या ऑगस्टांत चारशें रुपयांच्या आसपास होता, त्याच बँकेचे नवे शेअर स्टेट बँकेनें या योजनेंत दहा रुपयांस घेतले. ठेवीदारांस दोन आठवड्यांच्या आंत खातीं खुलीं झालीं. पण ज्यांच्यापाशीं शंभरांहून अधिक शेअर होते, त्यांच्या शेअरांपैकीं पाऊण हिस्सा तीन वर्षें विकण्यास बंदी झाली. आणि त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत लक्ष्मी विलास बँक डीबीएस् बँकेच्या भारतीय उपकंपनींत मिळविली गेली. ठेवीदार बचावले, भागीदारांचे शेअर शून्य झाले. तिच्या भागीदारांत पिढ्यान्‌पिढ्या शेअर जपून ठेवणारे लहान लोकही होते.

कोठें शून्य, कोठें २८ रुपये, कोठें तीन वर्षांचें कुलूप. चारही वेळां बँक "बुडूं दिली नाहीं" हें अक्षरशः खरें आहे. गाडींतले निवृत्त गृहस्थ म्हणतात तें हेंच. पण बँक तरली म्हणजे तिचा भागीदार तरला, असें नव्हे; कित्येकदां तो बुडाला म्हणून ती तरली.

राहिला प्रश्न कुलपाचा. पहारेकऱ्यास चोरी आधीं कां दिसत नाहीं? पुष्कळदां ती त्यास दिसलेली असते. रिझर्व्ह बँकेचे तपासनीस दरसाल वह्या पाहतात. पण त्यांनीं पाहिलेलें चव्हाट्यावर मांडावें कीं नाहीं, हाच मोठा पेंच आहे. एखादी बँक अशक्त आहे असें जाहीर झालें, तर दुसऱ्या दिवशीं तिच्या दाराशीं रांग लागेल आणि जी जगली असती ती बँकही मरेल. जाहीर केलें नाहीं, तर शेअर घेणारा आंधळेपणानें घेत राहील. ठेवीदाराचें हित गुप्ततेंत आहे आणि भागीदाराचें हित उघडेपणांत, असा हा तिढा आहे. २०१५ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें असे तपासणी अहवाल माहितीच्या अधिकाराखालीं द्यावे असा निर्णय दिला. त्यावरील वाद पुढेंही चालू राहिला. २०१७ पासून आणखी एक उपयुक्त नियम झाला. बँकेनें स्वतः दाखविलेलीं बुडीत कर्जें आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणींत निघालेलीं बुडीत कर्जें यांत मोठें अंतर पडलें, तर तें वार्षिक अहवालांत छापावें लागतें. ज्यांच्या घरीं बँकेचे शेअर आहेत त्यांनीं अहवालांतील अध्यक्षांचें भाषण एक वेळ वाचलें नाहीं तरी चालेल. पण हिशेबांच्या तळटीपांत हा आंकडा शोधून पाहावा. तेथें बोथी खुपसण्यास थोडीशी जागा केलेली आहे.

बेलापूरच्या पुढें खारघर, मानसरोवर, खांदेश्वर हीं स्टेशनें ओलांडून गाडी पनवेलास पोंचते. नव्या नगराच्या कडेला असलेलें हें मात्र जुनें गांव. तळीं आहेत, वाडे आहेत, घाटावरून उतरणाऱ्या मालाची पिढीजात पेठ आहे. दक्षिणेस कर्नाळ्याच्या किल्ल्याचा सुळका आंगठ्यासारखा उभा दिसतो. त्याच किल्ल्याचें नांव धारण केलेली कर्नाळा नागरी सहकारी बँक याच पनवेलची. २०२० च्या जूनमध्यें रिझर्व्ह बँकेनें तिच्यावर निर्बंध घातले, आणि २०२१ च्या ऑगस्टांत तिचा परवाना रद्द झाला. त्या वेळीं रिझर्व्ह बँकेनें सांगितलें कीं, सुमारें ९५ टक्के ठेवीदारांस त्यांची संपूर्ण ठेव विम्यांतून मिळेल. वाचून हायसें वाटतें. पण राहिलेल्या पांच टक्क्यांत कोण असतें, याचा विचार करावा. ज्यांची ठेव पांच लाखांवर ते लोक, म्हणजे केवळ धनिक नव्हेत. फंडाची सगळी रक्कम एकाच ठिकाणीं ठेवणारा निवृत्त मनुष्य, जमीन विकून आलेले पैसे गांवच्या बँकेंत टाकणारा शेतकरी, आणि सोसायटीचा दुरुस्तीनिधि, हेही त्यांत येतात.

ठेवींच्या विम्याची कथा केरळांतून सुरू होते. १९६० सालीं तेथील पालाई सेंट्रल बँक कोसळली, आणि तिच्या धक्क्यानें १९६२ च्या जानेवारीपासून ठेवविमा आला. आरंभीं दर ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होतें. १९९३ मध्यें तें एक लाख झालें. पुढें २०१९ च्या सप्टेंबरांत पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. आरंभीं सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, आणि तिच्या शाखांपुढें आजारी माणसांचे नातेवाईक औषधपाण्यासाठीं रडत उभे राहिले. त्यानंतर, २०२० च्या फेब्रुवारींत ही मर्यादा पांच लाख झाली. ती बँक २०२२ च्या जानेवारींत युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत मिळविली गेली. पांच लाखांवरील ठेवी मात्र हप्त्याहप्त्यानें, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतींत फेडावयाच्या ठरल्या. सत्तरीच्या गृहस्थास दहा वर्षांची मुदत म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

सहकारी बँकेचा शेअर हा आणखी वेगळा प्राणी आहे, आणि घराघरांत गोंधळ होतो तो येथेंच. हा शेअर बाजारांत विकतां येत नाहीं, त्याचा भाव वाढत नाहीं. परत केला तर दर्शनी किंमत मिळते. लाभांशावरही आपल्या राज्याच्या कायद्यानें पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. दरसाल ठरावीक लाभांश हातीं येतो म्हणून पुष्कळ सभासद त्याला ठेवच समजून चालतात. पण तो विम्यांत येत नाहीं. तो बांधांतलाच दगड. त्याचा खरा मोबदला म्हणजे सभासदाचें मत. शेअर एक असो वा हजार, मत एकच. वार्षिक सभेला जाऊन चहा-फराळ घेऊन परत येणारा सभासद जोखीम मात्र पुरी घेतो आणि तिच्या बदल्यांत मिळालेला हक्क खुर्चीवर ठेवून येतो. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतों: पतसंस्था ही बँक नव्हे. पाटी सारखी दिसली, व्याज अर्धा टक्का अधिक असलें, तरी तेथील ठेवीला हा पांच लाखांचा विमा नाहीं.

इतकें वाचून कोणी म्हणेल, तर मग बँकांचे शेअर घेऊंच नयेत कीं काय? तसें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. १९३५ सालीं पुण्यास बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षीं साताऱ्याची बँक निघाली, त्या काळीं सामान्य घरांतील माणसांनीं भाग घेतले नसते, तर या संस्था उभ्याच राहिल्या नसत्या. ठेवीदाराचा पैसा सुरक्षित राहतो तो कोणी तरी त्याच्यापुढें आपला पैसा उभा करतो म्हणून. तें काम कोणाला तरी करावेंच लागतें. प्रश्न इतकाच कीं, आपल्या घरांतून तें कोणाच्या पैशानें करावें.

एकत्र कुटुंबांत पैसा एका पेटींत दिसला, तरी तो एका जातीचा नसतो. सासूबाईंची कुटुंबवेतनाची शिल्लक, मामंजींच्या फंडाची रक्कम, लेकीच्या शिक्षणासाठीं बाजूला काढलेले पैसे आणि कमावत्या मुलासुनांची महिन्याची बचत, या चारांचा स्वभाव चार तऱ्हांचा आहे. बुडालेला पैसा तीस वर्षांच्या सुनेला पुन्हां मिळवितां येतो. पंच्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना येत नाहीं. म्हणून बांध घालावयाचा तो कमावत्यांच्या शिलकेंतून, तोही थोडा आणि एकाच बँकेच्या दाराशीं नव्हे. वडील मंडळींच्या रकमा ठेवींतच राहूं द्याव्या, आणि विम्याची मर्यादा ध्यानांत धरून दोन-तीन बँकांत वांटून ठेवाव्या. घरांतील एखादा हुशार मुलगा "आजी, तुझे पैसे मी दुप्पट करून देतों," असें म्हणूं लागला, तर त्याचा उत्साह मोडूं नये. पण तो प्रयोग त्यानें आपल्या पगारावर करावा, असें स्पष्ट सांगावें. आणि ज्यांचे पैसे आहेत, त्यांना न विचारतां त्यांच्या खात्यावर कोणीही, कितीही हिताच्या बुद्धीनें, शेअर घेऊं नयेत.

पनवेलहून परत निघालें म्हणजे गाडी पुन्हां त्याच स्टेशनांवरून मुंबईकडे जाते. दिवसभराच्या कामानें थकलेलीं माणसें चढतात, आणि दोन स्टेशनें जातात न जातात तोंच कोठल्या तरी बँकेचें नांव निघतें. अशा वेळीं भाव वाढेल कीं पडेल याची चर्चा करणाऱ्यांनीं ती खुशाल करावी. आपल्या घरीं मात्र त्याआधीं एक साधा प्रश्न विचारण्याची चाल पाडावी: या बँकेंत आपले जे पैसे आहेत, ते ठेव म्हणून आहेत कीं भाग म्हणून, आणि ते घरांतल्या कोणाचे आहेत? येत्या रविवारीं सर्वांनीं एकत्र बसून, कागद पुढें घेऊन, याचें उत्तर नांवांनिशीं लिहून काढावें. अर्ध्या तासाचें काम आहे.